औषधाच्या चिठ्ठीत शिधा

आजारी माणसाला औषध द्यावे आणि त्याबरोबर पथ्यही सांगावे, ही आपल्याकडची जुनी रीत. ‘औषधपाणी’ हा शब्द मराठीत जितका रुळलेला आहे तितकाच ‘पथ्यपाणी’ हाही. घरातील वडीलधारी मंडळी आजाऱ्याची गोळी किती वाजता द्यायची हे जसे लक्षात ठेवत, तसेच आज त्याने किती घास खाल्ले हेही मोजत असत. पुढे औषधशास्त्राने फार मोठी मजल मारली आणि पथ्य मात्र मागे पडत गेले. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या तळाशी त्याची एकच ओळ उरली आहे : ‘सकस आहार घ्यावा.’

सुस्थितीतील घरात ही ओळ आपोआप पाळली जाते. आजाऱ्यासाठी दूध वाढवले जाते, मऊ खिचडीवर तूप पडते, फळांची टोपली भरते. परंतु ज्या घरात महिनाअखेरीस डाळीचा डबा रिकामा असतो आणि ज्या घरातील कमावता माणूसच अंथरुणाला खिळलेला असतो, त्या घरात ही ओळ वाचून काय करायचे? डॉक्टरांनी ती कळकळीने लिहिलेली असते, रुग्णाला ती पटलेलीही असते; तरी ती कागदावरच राहते. औषध सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते, आहार मात्र बाजारातून विकत आणावा लागतो.

या ओळीऐवजी दवाखान्यानेच रुग्णाच्या हाती शिधा दिला तर काय होईल? हा प्रश्न भाबडा वाटण्याजोगा आहे. पण आपल्या देशातील काही डॉक्टरांनी तो शास्त्रीय कसोटीला लावला, आणि त्याचे जे उत्तर मिळाले त्याची जगभर दखल घेतली गेली. रोग होता क्षयरोग, प्रदेश होता झारखंड आणि शिधा होता तिथल्याच लोकांच्या रोजच्या ताटातला.

क्षय म्हणजे झीज

क्षयरोगाच्या नावातच त्याचे लक्षण सांगितलेले आहे. क्षय म्हणजे झीज. रुग्ण दिवसेंदिवस वाळत जातो, भूक मंदावते, अंगावरचे कपडे सैल होतात. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले, तेव्हा झिजेचे कारण सापडले. तो जंतू हवेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो हेही कळले. परंतु एक कोडे उरलेच. जंतू अनेकांच्या शरीरात शिरतो, रोग मात्र त्यांतील थोड्यांनाच होतो. बाकीच्यांच्या शरीरात तो जन्मभर निद्रिस्त राहतो. मग तो नेमका कोणाच्या शरीरात जागा होतो?

याची कारणे अनेक आहेत. मधुमेह, धूम्रपान, मद्यपान, एचआयव्हीचा संसर्ग यांनी धोका वाढतो. पण आपल्या देशात सर्वांत व्यापक कारण आहे ते अपुरे अन्न. शरीर क्षयाच्या जंतूला ज्या पेशींच्या बळावर कोंडून ठेवते, त्या पेशी उपासमारीत दुबळ्या होतात. पहारा सैल पडला की कोंडलेला जंतू बाहेर पडतो. त्यानंतर रोग स्वतःच भूक मारतो आणि शरीरातील स्नायू झिजवतो. म्हणजे उपासमारीतून रोग आणि रोगातून आणखी उपासमार, असे हे चक्र फिरत राहते. त्यातच मजुरी बुडते. मग घरातील इतरांच्या ताटातलेही कमी होते, आणि त्यांच्या शरीरातील पहाराही सैल पडू लागतो.

२०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला. त्यांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण एकट्या भारतातील होते. या आकड्यामागे जंतू जितका आहे, तितकीच रिकामी ताटेही आहेत.

अन्न उपचारातून बाहेर कसे गेले?

औषधे नव्हती त्या काळात क्षयरोगाच्या उपचारात अन्नाला पहिले स्थान होते. मिरज किंवा पाचगणी येथील आरोग्यधामांच्या आठवणी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ऐकवलेल्या असतात. मोकळी हवा, विश्रांती आणि पोटभर पौष्टिक जेवण, हाच तेव्हाचा उपचार. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ पॅपवर्थ येथे पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स या डॉक्टरांनी याच्याही पुढे एक पाऊल टाकले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी क्षयरुग्णांसाठी एक गावच वसवले. तिथे रुग्ण आपल्या कुटुंबासह राहत, झेपेल तितके काम करत, आणि त्यांना योग्य मजुरी, चांगले घर व पुरेसे अन्न मिळे. क्षयरोगी आईबापांच्या सहवासात वाढणाऱ्या तिथल्या मुलांच्या शरीरात जंतू शिरत असे, पण प्रत्यक्ष रोग क्वचितच होई. त्या काळी औषध नव्हते, हे इथे ध्यानात घ्यावयास हवे.

पुढे १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसीन आले आणि त्यामागोमाग इतर औषधे आली. १९५६ साली मद्रास येथे एक महत्त्वाचा प्रयोग सुरू झाला. निम्म्या रुग्णांना आरोग्यधामात ठेवले आणि निम्म्यांना घरीच औषधे दिली. आरोग्यधामातील रुग्णांना उत्तम आहार व विश्रांती होती. घरच्या रुग्णांना कोंदट खोली, अपुरे जेवण आणि लवकरच पुन्हा काम. तरीही वर्षअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. १९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगाचे धोरण पालटले. रुग्णाला महिनोन्‌महिने घरापासून दूर ठेवण्याची गरज उरली नाही. गरीब देशांतील लक्षावधी लोकांपर्यंत उपचार पोहोचू शकले, तो या प्रयोगाचाच उपकार.

पण त्या उपकाराबरोबर एक समजूतही रूढ झाली : औषध असेल तर अन्नाचे विशेष काही नाही. प्रयोगाने दाखवले होते ते इतकेच, की औषधे प्रभावी आहेत आणि ती घरीही लागू पडतात. त्यावरून अन्न गौण ठरवले गेले आणि पुढची अनेक दशके क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गोळ्यांचा हिशेब काटेकोर ठेवला गेला. शिध्याचे खाते मात्र कोरेच राहिले.

गनियारीचा वजनकाटा

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी नावाचे गाव आहे. तिथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ही संस्था ग्रामीण व आदिवासी रुग्णांसाठी दवाखाना चालवते. तिच्या संस्थापकांपैकी एक डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे आलेल्या १,६९५ प्रौढ क्षयरुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्यांतील पुरुषांचे मध्यम वजन होते ४२.१ किलो आणि स्त्रियांचे ३४.१ किलो.

हे आकडे जरा थांबून वाचावेत. चौतीस किलो हे आपल्या घरातील दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे वजन. इथे ते प्रौढ स्त्रियांचे होते, आणि मध्यम म्हणजे निम्म्या स्त्रियांचे वजन त्याहूनही कमी. उंचीच्या मानाने वजन पुरेसे आहे की नाही, हे बॉडी मास इंडेक्स या मापाने ठरवतात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा येतो. तो १८.५ पेक्षा खाली गेला की माणूस कृश गणला जातो. गनियारीच्या पुरुष रुग्णांत तो १६ होता आणि स्त्रियांत १५. जे अधिक कृश होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही अधिक होते.

स्त्रियांचा आकडा अधिक खाली का, याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात शोधावे लागत नाही. सर्वांना वाढून झाल्यावर जे उरेल ते खाणारी बाई आपल्या देशातील बहुतेक घरांत आहे.

झारखंडमधील कसोटी

एवढ्यावरून अन्न दिल्याने रोग टळतो असे शास्त्राच्या भाषेत म्हणता येत नाही. त्यासाठी कसोटी घ्यावी लागते. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ऑगस्ट २०१९ ते ऑगस्ट २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत घेतली. मंगळूरचे येनेपोया वैद्यकीय महाविद्यालय, चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद यांचा तिच्यात सहभाग होता. या अभ्यासाला ‘रेशन्स’ असे अन्वर्थक नाव देण्यात आले.

फुप्फुसाचा क्षयरोग झालेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे अभ्यासात घेतली गेली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश लोक संथाळ, हो, मुंडा, उराव अशा आदिवासी समाजांतील होते. सर्व रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर दरमहा १० किलोंचा शिधा दिला गेला : ५ किलो तांदूळ, ३ किलो सत्तू, दीड किलो दुधाची भुकटी आणि अर्धा किलो तेल. जोडीला जीवनसत्त्वांची गोळी. यातून रुग्णाला रोज सुमारे १,२०० किलोकॅलरी उष्मांक आणि ५२ ग्रॅम प्रथिने अधिक मिळत. हा शिधा सहा महिने दिला गेला. ज्यांचा रोग औषधांना दाद देत नव्हता त्यांना बारा महिने.

खरी कसोटी होती ती घरातील इतर माणसांची. त्यांचे दोन गट केले गेले. एका गटातील घरांत प्रत्येक प्रौढ माणसामागे दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांची गोळी दिली गेली. दुसऱ्या गटातील घरांत रुग्णाला शिधा मिळाला, पण इतरांना नाही. मग पुढील सुमारे दोन वर्षे या सगळ्या माणसांवर लक्ष ठेवण्यात आले. याच काळात कोविडची साथ आली आणि टाळेबंदीही झाली. तरी काम चालू राहिले.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’ आणि ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकांत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत फक्त रुग्णाला शिधा मिळत होता, तेथील ४,७२४ माणसांपैकी १२२ जणांना क्षयरोग झाला. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथील ५,६२१ माणसांपैकी ९६ जणांना झाला. लोकसंख्या आणि काळ यांचा हिशेब करता रोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडून निश्चित झालेल्या क्षयरोगाचे प्रमाण तर ४८ टक्क्यांनी कमी झाले. तांदूळ आणि डाळ यांनी हे घडवले. सुमारे ३० कुटुंबांना असा शिधा पुरवला, की एका माणसाचा क्षयरोग टळतो, असा त्यांचा हिशेब आहे.

रुग्णांच्या बाबतीतही बोलके आकडे आले. उपचाराच्या आरंभी १०० पैकी ८२ रुग्ण कृश होते. सहा महिन्यांत रुग्णांचे वजन मध्यम मानाने ४.६ किलोंनी वाढले आणि ९४ टक्के रुग्णांचा उपचार यशस्वी झाला. ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलो वजनाच्या माणसाला ५ टक्के म्हणजे दोन किलो. वजन वाढणे हे बरे होण्याचे कारण आहे तसेच लक्षणही आहे, हे खरे. तरीही सुरुवातीचे दोन महिने किती मोलाचे असतात ते या आकड्यातून कळते. आणि एक आकडा गंभीर करणारा आहे : इतका शिधा मिळूनही उपचार संपताना निम्म्याहून अधिक रुग्ण कृशच होते. वर्षानुवर्षांची उपासमार सहा महिन्यांत भरून निघत नाही.

शिधा स्थानिकच का?

या प्रयोगातील शिध्यात परदेशी भुकटी नव्हती की महागडे डबाबंद टॉनिकही नव्हते. भात हे झारखंडचे मुख्य अन्न आणि सत्तू हे तिथल्या कष्टकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे खाणे. सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ. आपल्याकडे सातूचे पीठ करतात त्यात गहूही असतो. तिकडचा सत्तू बहुधा निव्वळ हरभऱ्याचा. तो शिजवावा लागत नाही. पाण्यात कालवला, मीठ किंवा गूळ घातला की झाले. ज्याला उठून चूल पेटवण्याचेही त्राण नाही, त्या रुग्णाला याहून सोयीचे अन्न कोणते?

स्थानिक अन्नाचे मोल इथेच आहे. ते जिभेला ओळखीचे असते, म्हणून मंद भुकेतही दोन घास अधिक जातात. ते कसे रांधायचे हे घरात ठाऊक असते. ते उन्हाळ्यात टिकते, गावच्या दुकानात मिळते, आणि सहा महिन्यांनी शिधा थांबला तरी खाण्याची सवय मागे राहते. महाराष्ट्रातील रुग्णासाठी शिधा भरायचा तर तांदळाशी अडून बसण्याचे कारण नाही. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे ज्वारी, कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत नाचणी व तांदूळ, खानदेशात ज्वारी-बाजरी आणि उडीद, विदर्भात तूर. सत्तूच्या जागी फुटाण्याचे पीठ, शेंगदाणे आणि गूळ. नाचणीची पेज, मुगाची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, भाकरीबरोबर घट्ट वरण यांतून प्रथिने आणि उष्मांक दोन्ही मिळतात. गडचिरोलीच्या पाड्यावरचा शिधा आणि मुंबईच्या चाळीतला शिधा एकच असू नये. तिथल्या आशा सेविकेला विचारावे. ती क्षणात सांगेल.

घरातील सर्वांना शिधा देण्यामागेही असेच व्यवहाराचे शहाणपण आहे. उपाशी मुले समोर बसलेली असताना कोणती आई आपल्या वाट्याचे दूध एकटी पिईल? एकट्या रुग्णाला दिलेला शिधा घरात पाचांत वाटला जातो, आणि तसे होणे माणुसकीला धरूनच आहे. सर्वांना दिले तरच रुग्णाचे रुग्णाला मिळते आणि इतरांचा रोगही टळतो.

सरकारने काय केले आहे?

या संशोधनाच्या आधीपासून सरकारने एक पाऊल उचललेले होते. एप्रिल २०१८ मध्ये ‘निक्षय पोषण योजना’ सुरू झाली. तिच्यात उपचार घेणाऱ्या प्रत्येक क्षयरुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. ज्यांचा बॉडी मास इंडेक्स १८.५ पेक्षा कमी आहे, त्यांना पहिले दोन महिने जास्त उष्मांकाचा पूरक आहार देण्याचेही ठरले. झारखंडच्या प्रयोगात रुग्णाच्या शिध्याला २०१९ च्या भावाने महिन्याला सुमारे १,१०० रुपये आणि घरातील माणसामागे सुमारे ३२५ रुपये खर्च येत होता. भाव त्यानंतर वाढले आहेत. म्हणजे सरकारी मदत रुग्णाच्या शिध्याच्या आसपास पोहोचली असली, तरी त्याच्या घरच्यांसाठी त्यात काही उरत नाही. शिवाय पैसा हातात आला की तो आधी उधारी, भाडे आणि मुलांची फी यांकडे धावतो. यात गरिबाचा दोष नाही. ज्याची निकड मोठी त्याला तो आधी दिला जातो.

ही उणीव समाजाने भरून काढावी म्हणून ९ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियान’ सुरू झाले. त्यातील ‘निक्षय मित्र’ ही कल्पना आपल्या वाचकांच्या थेट उपयोगाची आहे. कोणतीही व्यक्ती, मंडळ, न्यास, कारखाना किंवा सहकारी संस्था निक्षय मित्र होऊ शकते. रुग्णाच्या संमतीने आरोग्य विभाग त्याचे नाव जोडून देतो आणि मित्राने किमान सहा महिने दरमहा पोषण संच पुरवायचा असतो. प्रौढासाठी सुचवलेल्या संचात ३ किलो धान्य किंवा भरडधान्य, दीड किलो डाळ, २५० ग्रॅम खाद्यतेल आणि त्याबरोबर १ किलो दुधाची भुकटी, ६ लिटर दूध किंवा १ किलो शेंगदाणे यांपैकी एक, असे जिन्नस आहेत. २०२४ पासून रुग्णाच्या घरच्यांनाही या मदतीत सामावून घेण्यात आले आहे. नोंदणीची माहिती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर मिळते.

आपण काय करू शकतो?

दान ही आपल्या वाचकांना नवी गोष्ट नाही. आहारदान आणि औषधदान या दोन्ही परंपरा आपल्या घराघरांत जिवंत आहेत. क्षयरुग्णाला दिलेल्या शिध्यात ही दोन्ही दाने एकाच पिशवीत मावतात. मात्र त्या दानाला उपचाराची शिस्त हवी. औषध एक दिवस देऊन चालत नाही, तसा हा शिधाही एक दिवस देऊन चालणार नाही.

म्हणून काही गोष्टी आधीच मनाशी ठरवाव्यात. पहिली गोष्ट, सहा महिन्यांची हमी. वाढदिवसाला पन्नास रुग्णांना एकदा पिशव्या वाटण्यापेक्षा आठ रुग्णांना सहा महिने शिधा पोहोचवणे अधिक मोलाचे. दुसरी, वेळ. निदान झाल्यापासूनचे पहिले दोन महिने सर्वांत महत्त्वाचे असतात. कार्यक्रमाची तारीख आणि पाहुण्यांची सवड पाहत ते वाया घालवू नयेत. तिसरी, रुग्णाची अब्रू. क्षयरोगाचे नाव कळले की अजूनही मुलीचे लग्न मोडते, भाडेकरूला खोली सोडावी लागते. अशा माणसाला व्यासपीठावर बोलावून, हातात पिशवी देऊन छायाचित्र काढणे म्हणजे शिध्याच्या बदल्यात त्याची अब्रू घेणे. शिधा आशा सेविकेमार्फत किंवा दवाखान्यातून निमूटपणे पोहोचावा. चौथी, वजनकाटा. दरमहा शिधा देताना रुग्णाचे वजन नोंदवण्याची विनंती आरोग्य केंद्राला करावी. वजन वाढत नसेल तर ती धोक्याची पहिली सूचना असते. डॉक्टरांना ती वेळीच कळली पाहिजे.

आपल्या स्वतःच्या घरांसाठीही यात बोध आहे. क्षयरोग सुस्थितीतील घरांतही होतो, विशेषतः मधुमेह असेल तर. तिथे अन्नाची वाण नसते. अडसर असतो तो समजुतींचा. रुग्णाला दही नको, केळे नको, भात नको अशी वर्ज्य पदार्थांची यादी नातेवाईक वाढवत नेतात आणि आधीच मंदावलेली भूक आणखी आवळतात. डॉक्टरांनी एखादा पदार्थ मनाई केला नसेल, तर घरच्यांनी त्याला मनाई करू नये. मधुमेह असल्यास आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावा. ताट-वाटी वेगळी करण्याचीही गरज नसते. हा रोग भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. खोकताना तोंडावर रुमाल, उघड्या खिडक्या आणि नियमित औषध एवढी काळजी पुरते. रुग्णाने एकट्याने कोपऱ्यात बसून जेवू नये, कारण सोबतीने चार घास अधिक जातात.

आणि एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. शिधा हा औषधाला पर्याय नाही. झारखंडमधील प्रत्येक रुग्णाने आपली औषधे घेतली होती. अंगावर मूठभर मांस चढले, खोकला थांबला, बरे वाटू लागले, की औषध मध्येच सोडण्याचा मोह होतो. तसे केल्यास उरलेले जंतू औषधाला जुमानेनासे होतात आणि पुढचा उपचार फार लांबतो. अन्न शरीराला औषध पेलण्याचे बळ देते. जंतू मारण्याचे काम औषधच करते.

या सगळ्या संशोधनाचे सार सांगायचे तर ते अगदी घरगुती आहे. आजारी माणसाला पोटभर जेवू घालावे, हे आपल्या आजीला ठाऊक होते. मधल्या काळात वैद्यकाला त्याचा विसर पडला, आणि आता दहा हजार माणसांच्या नोंदींनिशी ते पुन्हा सिद्ध झाले आहे. एका रुग्णाचे कुटुंब, म्हणजे तो आणि घरातील चार प्रौढ माणसे धरली, तर झारखंडच्या हिशेबाने आणि २०१९ च्या भावाने त्यांचा सहा महिन्यांचा शिधा सुमारे १४,४०० रुपयांत येत होता. आजच्या भावाने तो काहीसा अधिक येईल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एका सायंकाळच्या समारंभाला याहून अधिक खर्च होतो. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात या महिन्यात किती नव्या क्षयरुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील किती जणांना निक्षय मित्र मिळालेला नाही, एवढी चौकशी मंडळाच्या पुढच्या बैठकीआधी कोणीतरी जरूर करावी.